बस्त्यावकाकांचं अझरबैजान

बस्त्यावकाका वादी ओलांडायच्या आधी गाडी थांबवत. वादी म्हणजे आपल्या ओढ्यासारखं पात्र, फक्त ओमानमध्ये त्यात पाणी नसतं. गोटे असतात, बकऱ्या असतात, सुट्टीच्या दिवशी क्रिकेट खेळणारी पोरं असतात. तरीही काका काच खाली करून डोंगराकडे बघायचे, तिकडून एकाएकी येणाऱ्या लोंढ्याचा आवाज येतो का ते ऐकायचे आणि मग "यल्ला, येशूचं नाव घे" म्हणून गाडी पुढे घालायचे. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकत. काकांवर त्याचा ढिम्म परिणाम होत नसे.

दार्सैतहून रुसैलच्या कारखान्यात मी रोज त्यांच्याच गाडीतून जायचो. ते तिथे स्टोअरकीपर, मी ड्राफ्ट्समन. मूळचे वसईचे. दोन वर्षांसाठी म्हणून मस्कतला आले आणि केस पिकले तरी इथेच. पहिल्या भेटीत मी चिपळूणचा आहे म्हटल्यावर त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी विचारलं, "नदी भरते ना रे तुमची? घर किती लांब आहे?" तेव्हापासून दर पावसाळ्यात माझ्या घरच्यांची काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त असायची.

त्यात एडविन मस्कत सोडून गेला. त्यांचा एकुलता एक मुलगा. काकू वारल्यापासून घरात बापलेक दोघंच. एडविन वेल्डिंग इन्स्पेक्टर झाला आणि त्याला तेलाच्या पाइपलाइनवर नोकरी लागली, थेट अझरबैजानात, कुरा नदीच्या काठावरच्या एका लहानशा गावात. काँट्रॅक्ट दोन वर्षांचं. गावाचं नाव काकांना शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही. ते 'एडविनचं गाव'च राहिलं.

गाव नदीकाठी आहे म्हटल्यावर काकांची झोप उडाली. दर शुक्रवारी चर्चमधली मिस्सा झाली की ते रुवीच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचे आणि शनिवारी गाडीत माझी शिकवणी घ्यायचे.

"आधी तिथे कोण होतं? कोळी. नदीत हा एवढा मासा!" मासा दाखवायला दोन्ही हात लागायचे, त्यामुळे स्टिअरिंग सुटायचं. "मग रशियाच्या राजाने शेतकरी पाठवले. ते गेले का परत?"

"नाही?"

"नाही! मग रेल्वेचा पूल बांधायला माणसं आली. पूल झाला. ती गेली का परत?"

"नाही."

"मग लढाई झाली. बिचारे घरंदारं सोडून पळत आले. म्हणाले, लढाई थांबली की जातो. अजून तिथेच! आला तो राहिला, सावंत. ह्या गावाचं लक्षण काही चांगलं नाही." काका कपाळावरचा घाम पुसायचे. एसी चालू असायचा.

गावाची लोकसंख्या ते दर आठवड्याला नवीच सांगायचे, कारण इंटरनेटवर जितकी पानं तितके आकडे. मीही वात्रट. मुद्दाम विचारायचो, "हे एडविनला धरून का, काका?"

काका एकदम भडकायचे. "एडविनला नाही धरायचा! तो टेम्पररी आहे. दोन वर्षं, मग खलास!"

दोन वर्षांचं काँट्रॅक्ट म्हणजे काय चीज असते, हे काकांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? पण मला हसायची चोरी होती. मीसुद्धा दोनच वर्षांसाठी आलो होतो.

वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळून कुरा फुगते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. मग तर त्यांनी अन्नपाणी टाकायचंच बाकी ठेवलं. फोनची कार्डं संपायची आणि एडविन पलीकडून वैतागायचा, "डॅडी, इट्स फाइन!" काका फोन ठेवून मला म्हणायचे, "फाइन म्हणतो. नदी काय विचारून येते?"

काँट्रॅक्ट संपत आलं. एडविनची खोली रंगवून झाली. अशाच एका शुक्रवारी काकांनी मला सुरमई खायला बोलावलं होतं. ताटं वाढली आणि फोन वाजला. काका बराच वेळ नुसते ऐकत राहिले. चेहऱ्याचा रंग उतरला. मला वाटलं, आला पूर.

शेवटी त्यांनी घसा खाकरून विचारलं, "नदीपासून घर किती लांब आहे? नाही, नाही, मुलीचं घर. उंचावर आहे ना? मग बरं."

फोन ठेवून ते ताटावर येऊन बसले. "लग्न करतोय. तिथलीच आहे. तिथेच राहणार म्हणतो." मग माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. स्वतः मात्र जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वादी आली आणि काकांनी गाडी थांबवलीच नाही. डोंगराकडे मीच बघितलं. बरंच पुढे गेल्यावर ते म्हणाले, "सावंत, त्या गावात आता एडविनला धर."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्यांची नजर रस्त्यावरच होती.

"वसईला दरवर्षी फादर घराला आशीर्वाद द्यायला येतात. घरात माणसं किती, विचारतात. माझा बाप मला धरूनच सांगायचा. 'बस्त्याव टेम्पररी गेलाय, फादर.' दरवर्षी तेच. तो मेला, तेव्हा इथल्या मालकाने, अर्बाबने, रजा देईपर्यंत तिकडे त्याची माती होऊन गेली."

एवढं बोलून त्यांनी रेडिओ लावला. त्यावर अरबी बातम्या चालू होत्या. आम्हा दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी रुसैलपर्यंत आम्ही त्या मन लावून ऐकल्या.

नाताळ झाल्यावर रुवीच्या चर्चचे फादर दार्सैतमधल्या घरांना आशीर्वाद देत फिरत होते. काकांनी मलाही बोलावून ठेवलं, घर रिकामं दिसायला नको म्हणून. फादर केरळचे, नवीनच आलेले. त्यांनी प्रार्थना केली, घरभर पवित्र पाणी शिंपडलं आणि चहा घेता घेता सहज विचारलं, "घर में कितने लोग हैं, अंकल?"

काकांनी एडविनच्या रंगवलेल्या खोलीकडे बघितलं.

"तीन, फादर," ते म्हणाले. आणि माझी नजर चुकवत पुढे म्हणाले, "दो टेम्पररी बाहर गये हैं."