पारड्यातले बन्सीधरराव

बायकोची अब्रू झाकायला नवरा काय काय करतो! गंगाखेडच्या एका कचेरीतले क्लार्क बन्सीधरराव दर सोमवारी सकाळी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, जाऊन ज्वारी तोलायच्या काट्यात बसत.

त्यांच्या पत्नीचं, कमलबाईंचं, सगळं अंग दुखे. आज खांदे, उद्या कंबर, परवा बोटं. हात डोक्यापर्यंत जाईना, म्हणून दिवाळीपासून त्यांची वेणी बन्सीधररावच घालत. (फायलीला नाडी बांधायचा सतरा वर्षांचा अनुभव, वेणीही तशीच दिसे.) तपासण्या सगळ्या स्वच्छ निघाल्या, तशी जावाजावांत कुजबुज सुरू झाली, की हे दुखणं नखऱ्याचं. अंगापेक्षा हे बोलणंच कमलबाईंना जास्त लागे.

परभणीचे डॉक्टर मात्र भले निघाले. म्हणाले, "दुखणं खरं आहे. गोड नि तळलेलं बंद. भाकरी, पालेभाजी, वरण, ताक वेळेवर खा, पण उपाशी राहू नका. रोज फिरा. आठ किलो उतरलं तर सांध्यांचा भार हलका होईल." काट्यावर कमलबाई बहात्तर भरल्या. गंमत म्हणून बन्सीधररावही चढले. चौसष्ट.

आता दर आठवड्याला वजन बघायला परभणी कोण गाठणार? गंगाखेडात माणूस मावेल असा काटा एकच, मोंढ्यातला. पण तिथं मापाडी भुजंग वजन असं ओरडून सांगे, की गोदाकाठी ऐकू जावं.

"माझा आकडा मोंढाभर? मी न्हाई येत!" कमलबाई म्हणाल्या.

तेव्हा बन्सीधररावांना ती युक्ती सुचली. "आकडाच नको. एका पारड्यात तू, दुसऱ्यात मी. काटा बरोबर झाला की समज, आठ किलो उतरले."

पहिल्या सोमवारी कमलबाईंचं पारडं जमिनीला टेकलं आणि बन्सीधरराव वर लोंबकळत राहिले. हमालांनी हसून घेतलं. कमलबाईंनी मात्र घरी येताच साखरेचा डबा फळीवर चढवला.

त्या नेटानं पथ्य करू लागल्या. पण शेजारून आलेली पुरणपोळी, बारशाचे लाडू, सणाच्या करंज्या यांचं काय करायचं? अन्न टाकवत नव्हतं. ते बन्सीधररावांच्या ताटात येई. (त्यांनी कधी हू की चू केलं नाही. तिच्यासाठी एवढं सोसलंच पाहिजे.) पँट आवळू लागली तेव्हा त्यांनी धोब्याला झापलं.

त्यात आला धोंड्याचा महिना. राणीसावरगावहून सासूबाईंचा, सगुणाबाईंचा, निरोप आला : लेक-जावयानं धोंडे जेवायला यावं. पुरण भरलेले, तुपात बुडवलेले धोंडे! आणि अधिक महिन्यातला जावई म्हणजे साक्षात नारायण. त्यानं नको म्हटलं की सासूच्या डोळ्यांत पाणी.

"अंग दुखायलंय म्हंजी ताकद न्हाई तुझ्यात. खा!" सगुणाबाई लेकीच्या ताटात धोंडे ठेवत होत्या.

त्या तूप आणायला वळल्या की कमलबाईंचे धोंडे बन्सीधररावांच्या ताटात. सासूबाई परत येऊन बघतात तो लेकीचं ताट रिकामं. "बघा, किती भूक लागली हुती लेकराला!" म्हणून आणखी चार. असं चाललं. पुढं सासूबाईंनी मायेनं दोघांना आठवडाभर ठेवून घेतलं.

पुढच्या सोमवारी दोघं पारड्यांत बसली. दांडी डगमगली आणि सरळ रेषेत थांबली.

"बराबर!" भुजंग ओरडला. हमालांनी टाळ्या वाजवल्या. बन्सीधररावांनी पेढे आणवून वाटले, दोन स्वतः खाल्ले. पण कमलबाई विचारात पडल्या. चोळी तर बोटभरच सैल झाली होती.

"भुजंगभाऊ, मी बसते हितंच. ह्यांच्या जागी लोखंडी मापं ठिवा बरं."

बन्सीधरराव खाली उतरले. भुजंगानं वीस-वीस किलोची मापं ठेवायला घेतली. मापाड्याची मोजणी 'एक'ऐवजी 'लाभ'नं सुरू होते. "लाभ! दोन! तीन! अन् ह्ये धा किलोचं!" काटा बरोबर. "सत्तर किलो, वहिनी!" नदीपलीकडचे लोकही वळून बघू लागले असतील.

म्हणजे कमलबाईंचे दोन उतरले होते. आणि बन्सीधररावांचे सहा चढले होते!

अब्रूसाठी केलेल्या खटाटोपाचं हे असं झालं. बन्सीधररावांना धरणीत शिरावंसं वाटलं. बायको आता रडणार, या भीतीनं त्यांनी मान वर केली, तर कमलबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता त्यांची ढिली वेणी सुटली. त्यांनी सहज दोन्ही हात वर केले, तीन पेड घातले आणि गाठ मारली. मग त्यांचं त्यांनाच कळलं, आणि हात तसेच डोक्याशी राहिले.

"अहो... हात गेला वर!"

दोन किलो तर दोन किलो, पण पथ्य अंगी लागलं होतं. बन्सीधररावांना भरून आलं. आपल्या हातची वेणी आता कुणाला नको, याचं थोडं वाईटही वाटलं. डोळे पुसायला रुमाल हवा म्हणून त्यांनी पँटच्या खिशात हात घातला. पँट इतकी आवळली होती, की रुमालाआधी बटणच सुटलं आणि टण्णकन जाऊन लोखंडी मापावर आपटलं.

भुजंगानं वाकून ते उचललं.

"भुजंगभाऊ," कमलबाई पारड्यातून उतरत म्हणाल्या, "पुढल्या सोमवारपास्नं माप म्हणून मी बसते. ह्यांना तोला."

"त्येच बरं हाय, वहिनी," भुजंग बटण बन्सीधररावांच्या हातात देत म्हणाला. "माप कसं, न फुगणारं पायजे."