परबकाकांचा ओटा

परबकाका कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरतात, ओट्यावर गाल टेकवतात आणि एक डोळा मिटून उजेडाकडे बघतात. मग निकाल. "वहिनी, काल इथे लिंबू चिरलंत!" वहिनी कबूल करतात.

सिल्व्हर पार्क सोसायटीत ते आमचे शेजारी. आयुष्यभर संगमरवराला पॉलिश करण्याचं काम केलं; आता निवृत्त आहेत, पण फडकं खिशातच. "दगडाला आंबट चालत नाही," हे त्यांचं ब्रीद. ओट्यावर दही दिसलं की ओरडतात, "अरे, खातंय त्याला!" एकदा सेक्रेटरींच्या घरी त्यांनी पूजेचं पंचामृत ओट्यावरून हलवायला लावलं. तोवर गुरुजी मंत्र थांबवून उभे.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पांढऱ्या संगमरवरी ओट्याचं घर घेतलं आणि परभणीकडच्या आमच्या गावाहून आईला आणलं. तिने जन्मभर जमिनीवर बसून चुलीवर रांधलेलं. लेकाचा ओटा लख्ख व्हावा म्हणून तिने तांब्याची घागर घासतात तसा तो चिंचेने घासला. सगळी चमक उडाली.

आई पिशवी भरायला लागली. "म्या अडाणी. तुझं नवं घर नासवलं. मला गाडीत बसवून दे."

तेवढ्यात पेपर परत द्यायला काका आले. गाल टेकवला. चिंच त्यांना वासावरूनही कळते.

"ताई," ते म्हणाले, "दगडच कच्चा आहे. बिल्डरने पॉलिश नीट केलेलं नाही. तुम्ही घासलंत म्हणून उघडं पडलं."

दगडाबद्दल काकांना खोटं बोलताना मी प्रथमच ऐकत होतो.

"ए ग्रॅज्युएट, बघतोयस काय? पाणी आण!"

दोन दिवस दोघं पॉलिशची पावडर लावून ओल्या फडक्याने गोल गोल घासत होती. चमक परत आली. खुशीत आई म्हणाली, "भाऊ, आता तुमचा ओटा दाखवा."

काकांचा ओटा आरशासारखा. त्यावर काहीच नव्हतं. शेगडीसुद्धा.

"सैपाक कुठं करता?"

"डबा येतो, ताई. ही गेल्यापासून."

दुसऱ्या दिवशी तिने मला आमची विजेची शेगडी उचलायला लावली आणि स्वतः तवा, परात नि ज्वारीचं पीठ घेऊन काकांकडे निघाली.

"पीठ सांडंल बरं का, भाऊ."

"सांडू द्या." काका दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा म्हणाले, "ताई, जरा जोरात थापा. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाऊ दे."