हाल्वारचा पुढचा लॉकर

उकडलेल्या मेंढ्यांच्या मुंडक्यांचा टब जीपमध्ये चढवता चढवता सोलरूनने नवऱ्याला पुन्हा बजावलं, "रस्त्याने जायचं, हाल्वार. ऐकतोयस ना?"

"रस्त्याने काय, दुधाची गाडीसुद्धा जाते," हाल्वार म्हणाला. "पुढचा लॉकर काय दिवाणखान्यात मांडायला बसवलाय?"

नाताळच्या आधी हा लॉकर बसवला, तेव्हापासून हाल्वारची बढाई ऐकून अख्ख्या खोऱ्याचे कान किटले होते. बर्फात साध्या गाडीचं एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं. लॉकरचं बटण दाबलं की हवेच्या दाबाने दोन्ही चाकं जखडली जातात आणि बरोबरीनेच फिरतात. मागच्या चाकांना असा लॉकर बऱ्याच जणांकडे होता, पुढच्यांना फक्त हाल्वारकडे. त्याची खोड एकच. पुढची चाकं जखडली की गाडी वळायचं नाव घेत नाही. ही गोष्ट हाल्वार जरा हळू आवाजात सांगे.

आज संध्याकाळी सभागृहात थोर्रीची मेजवानी होती. भर हिवाळ्यातल्या या मेजवानीत गावात वर्षभरात झालेल्या फजित्या रंगमंचावर येतात, आणि ज्याची फजिती असेल त्याने सगळ्यात मोठ्याने हसायचं असतं. यंदा हाल्वार समितीत होता. नाटुकलं त्यानेच लिहिलं होतं. नायक होता शेजारी एविंदुर. त्याची गाडी आपल्याच फाटकासमोर बर्फात रुतून बिघडली होती आणि दोन दिवस तिथेच होती. एविंदुरची भूमिकाही हाल्वारच करणार होता. त्यामुळे आज निदान त्याची स्वतःची गाडी तरी कुठे रुतून चालणार नव्हती. रुतली असती, तर पुढची कित्येक वर्षं त्याला खोऱ्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

म्हणूनच तो नदीच्या वळणावर रस्ता सोडून एविंदुरच्या कुरणात शिरला.

"अरे देवा!" सोलरूनने मांडीवरचा शार्कच्या मांसाचा डबा घट्ट धरला.

"घाबरतेस काय? टायरांतली हवा कमी केलीय, मागचा लॉकर लावलाय." समोर बर्फाचा ढीग आला. हाल्वारने पुढचंही बटण दाबलं. खाली फट् असा आवाज झाला आणि जीप लोण्यातून सुरी जावी तशी ढिगातून आरपार गेली. "बघितलंस? आज रंगमंचावर सांगणार मी, कुरणातून आलो म्हणून!"

"सांग. पण आता उजवीकडे वळ. फाटक तिकडे आहे."

हाल्वारने बटण बंद केलं आणि स्टिअरिंग फिरवलं. जीप सरळ गेली. त्याने अंगातला सगळा जोर लावला. जीप आणखी सरळ गेली.

"फाटक गेलं," सोलरून म्हणाली.

"लॉकर सुटत नाहीये. हवेच्या नळीत बाष्प गोठलं असणार."

"मग थांब की!"

"इथल्या बर्फात थांबलो तर रुतलो! आणि मी रुतत नसतो!"

तो रुतला नाही. एविंदुरने गवताचे पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले गठ्ठे कुरणाच्या टोकाला रांगेत रचले होते. जीप त्यांत नाकासमोर जाऊन घुसली आणि दोन गठ्ठ्यांच्या मधे पाचरीसारखी बसली. मागे मुंडक्यांचा टब उलटला. त्यातलं एक मुंडकं गडगडत पुढे आलं आणि गिअरच्या दांड्याशी येऊन थांबलं.

"हा मेंढा तुझ्यापेक्षा शहाणा दिसतो," सोलरून म्हणाली. "निदान गप्प तरी आहे."

हाल्वारने बॉनेट उघडलं. लॉकरची झडप गोठून दगड झाली होती. "गरम कॉफी दे."

"ती तू नदीपाशीच संपवलीस."

"मग ब्रेनिविन दे."

"ती समितीच्या पहिल्या घोटाची बाटली आहे, हाल्वार!"

"समिती आत्ता गवतात अडकलीय!"

दारू झडपेवर ओतली, नळीतही ओतली. बाटली रिकामी झाली तेव्हा कुठे फुस्स करून हवा सुटली. हाल्वार विजयी मुद्रेने गाडीत बसला आणि त्याने ती मागे घेतली. आता पुढचं एक चाक गरगर फिरू लागलं आणि दुसरं ढिम्म उभं राहिलं. त्याने घाईघाईने बटण दाबलं, तर लॉकर लागेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

तेवढ्यात मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. स्वच्छ सदरा आणि टाय घातलेला एविंदुर मेजवानीला निघाला होता. गाडी अजून दुरुस्त झाली नव्हती, म्हणून ट्रॅक्टरने निघाला होता.

त्याने गठ्ठे बघितले, कुरणभर गेलेली चाकांची सरळ रेघ बघितली. मग दोर काढला आणि जीप बाहेर ओढली.

हाल्वार दोर सोडायला खाली वाकला. "एविंदुर, तुझं ते नाटुकलं... काढून टाकू का?"

"छे! माझी मावशी मुद्दाम आलीय बघायला."

"आणि हे... इथलं?"

"मी कोणाला एक शब्द बोलणार नाही," एविंदुर म्हणाला. खोऱ्यात एविंदुरच्या शब्दाला मान होता. हाल्वारच्या जिवात जीव आला.

नाटुकलं झकास रंगलं. हाल्वारने एविंदुरसारखी टोपी घातली, खोट्या बर्फात पाय रोवले, दोर मागितला. एविंदुर पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्याने हसत होता. टाळ्या पडल्या. हाल्वार वाकून नमस्कार करत होता, इतक्यात एविंदुर उठला.

तो सभागृहाच्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि वळला. हातात जेवणाचं ताट स्टिअरिंगसारखं धरलेलं आणि बगलेत ब्रेनिविनची रिकामी बाटली. ती बाटली हाल्वारने ओळखली आणि सोलरूनकडे बघितलं. सोलरून छताकडे बघत होती.

एविंदुर चालू लागला. ताट उजवीकडे फिरवलं, तो सरळ आला. ताट डावीकडे फिरवलं, तरी सरळच आला. खुर्च्या बाजूला होत गेल्या. दात-ओठ खात, ताट गरगर फिरवत तो नाकासमोर येत राहिला आणि धर्मगुरूंच्या टेबलात जाऊन घुसला. मग बाटली उचलून त्याने स्वतःच्या गुडघ्यावर ओतल्यासारखं केलं. तोंडातून शब्द म्हणून काढला नव्हता, पण अख्ख्या खोऱ्याला समजलं. त्याच्या मावशीला तर हसून हसून ठसका लागला.

मग हाल्वार सगळ्यात मोठ्याने हसला, कारण रीत रीत असते. नाटुकल्यातला दोर उचलून तो खाली आला. त्याने दोर एविंदुरच्या कमरेला बांधला आणि त्याला टेबलातून ओढून बाहेर काढलं.

परत निघताना जीपची किल्ली सोलरूनने घेतली आणि ती रस्त्याने गेली.