गाडेकरांचा डावा फटका

गाडेकर उजव्या हाताने जेवतात, उजव्या हाताने सही करतात, रिक्षा थांबवायलाही उजवाच हात वर करतात. सकाळी माळावर गोल्फ खेळताना मात्र ते डावखुरे होतात. नुसते डावखुरे झाले असते तर मी लिहायला बसलो नसतो. ते म्हस्केंसारखे डावखुरे होतात, हुबेहूब. आणि म्हस्के तर गेल्या पावसाळ्यात वारले.

आमची कॉलनी नगरच्या कडेला, भिंगारच्या पलीकडे. मागच्या बाजूला मोकळा माळ आहे, आणि माळ संपतो तिथे लष्कराची हद्द सुरू होते. गाडेकर पाटबंधारे खात्यातून मोठे इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. वहिनी नातवंडाला सांभाळायला पुण्याला मुलीकडे गेल्या आणि तिथल्याच झाल्या. गाडेकर इथेच राहिले. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "पुण्यात नुसती गर्दी आहे हो, थिअरी नाही."

थिअरीवाचून त्यांचं पान हलत नाही. चहात साखर आधी की दूध आधी, यालाही त्यांच्याकडे थिअरी आहे. एका वर्षी कॉलनीच्या गणपतीला मूर्ती बुडवल्यावर हौदातलं पाणी किती वर येईल याचं गणित त्यांनी आरतीच्या कागदामागे मांडलं. पाणी बरोबर तेवढंच वर आलं आणि काठावर काढून ठेवलेल्या सगळ्यांच्या चपला वाहून गेल्या. "चपला माझ्या गणितात नव्हत्या," असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

म्हस्के त्यांच्या अगदी उलट. ते गुरांचे डॉक्टर, मूळचे सोनईचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. म्हातारी आई आणि ते, आमच्या ओळीतल्या शेवटच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचे. या दोघांना गोल्फचं वेड लागलं ते एका बदली झालेल्या लष्करी अधिकाऱ्यामुळे. त्याला आपल्या डावखुऱ्या स्टिकांची बॅग काढून टाकायची होती आणि अख्ख्या नगरात डावखुरं गिऱ्हाईक म्हणजे एकटे म्हस्के. म्हस्के खेळायला लागले म्हणून गाडेकरांनी नवा कोरा उजवा सेट मागवला आणि त्याआधी आठवडाभर पुस्तकं वाचली.

गाडेकरांचा खेळ बघण्यासारखा होता. पाय खांद्यांच्या रुंदीइतके फाकलेले, पाठ कललेली, कोपर ताठ, मान स्थिर. हे सगळं जमवता जमवता बघणाऱ्याला जांभई यायची. मग स्टिक खाली यायची आणि बॉलच्या वीतभर मागे जमिनीत घुसायची. ढेकूळ लांब उडायचं आणि बॉल रुसलेल्या जावयासारखा जागेवरच बसून राहायचा.

म्हस्के दोन्ही पाय जुळवून उभे राहायचे, शाळेतल्या प्रार्थनेला राहावं तसे. दोन कोरडे खोकले काढायचे. मग बॉलला म्हणायचे, "उभी राह गं, बाई." चाळीस-एक वर्षं ज्या सुरात गाईंना म्हणत आले त्याच सुरात. स्टिक विळ्यासारखी गोल मागे जायची आणि वर गेल्यावर थांबायची, काहीतरी आठवल्यासारखी. मग एक पाऊल पुढे टाकून ते झोडायचे. टक्. बॉल दिसेनासा व्हायचा.

"बबनराव, हे थिअरीत बसत नाही," गाडेकर चिडून म्हणायचे.

"थिअरीत नसंल बसत, पर बॉलला बसतंय की!"

"पाय जुळवून कुणी खेळतं का?"

"तुम्ही एकदा खेळून तर बघा, साहेब. एकदा."

गाडेकरांनी एकदाही खेळून बघितलं नाही. वर्षानुवर्षं रोज सकाळी ते दोघे त्या माळावर भांडत राहिले. मी कोर्टात आयुष्यभर लोकांच्या साक्षी टाइप केल्या. इतक्या मन लावून भांडणारे दोन पक्षकार मी कोर्टातही पाहिले नाहीत. मग आषाढात एका दुपारी म्हस्के खुर्चीत पेपर वाचता वाचता गेले. आईच्या सोबतीला येऊन राहिलेल्या भाचेसुनेने स्टिकांची बॅग गाडेकरांकडे पोचती केली. दुसरं कोण घेणार?

पावसाळाभर गाडेकर माळावर फिरकले नाहीत. नंतरही मला दिसले नाहीत, कारण गुडघ्याच्या दुखण्यामुळे माझंच फिरणं बंद होतं. थंडीत डॉक्टरांनी पुन्हा चालायला परवानगी दिली आणि पहिल्याच सकाळी मी माळाच्या वाटेने निघालो. धुकं इतकं होतं की स्वतःचे बूटही दिसत नव्हते. सगळीकडे शांत. आणि त्या धुक्यातून दोन कोरडे खोकले ऐकू आले.

माझे पाय थांबले.

"उभी राह गं, बाई."

टक्.

मी मागे फिरलो. माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी जो वेग दाखवला त्याबद्दल डॉक्टरांनी नंतर माझं कौतुक केलं. घरी येऊन मी दार लावलं आणि चहा न घेता बसून राहिलो. ऊन वर आल्यावर खिडकीतून माळ दिसायला लागला. तिथे गाडेकर उभे होते. कानटोपी, स्वेटर, जुळवलेले पाय. स्टिक डाव्या बाजूने गोल मागे गेली, वर थांबली, मग ते पाऊल पुढे टाकून फिरले. बॉल असा सुटला की मला तो उतरताना दिसलाच नाही.

कॉलनीत बोलणं आधीच सुरू झालेलं होतं. दूधवाला माळाची वाट सोडून लांबून यायला लागला होता. कुणी म्हणालं, बाहेरचं काहीतरी लागलंय. कुणी म्हणालं, बॅग घरात घ्यायलाच नको होती. कुणीतरी गाडेकरांच्या दारात ठेवलेल्या बॅगेला लिंबू-मिरची बांधून गेलं. गाडेकरांनी मिरच्या पोह्यात घातल्या, लिंबू पिळलं आणि सगळ्यांना सांगितलं, "रसाळ होतं. ज्यांनी बांधलं त्यांनी पुन्हा बांधावं."

शेवटी मीच विचारलं. त्यांच्या ओट्यावर बसलो होतो.

"गाडेकर, हा डाव्या हाताचा प्रकार काय आहे?"

"सोपं आहे." त्यांनी जमिनीवर बोटाने रेघ ओढली. "पाय फाकवून ठेवले की अंग मागेपुढे झुलतं. अंग झुललं की स्टिक जमिनीत जाते. पाय जुळवले की झुलायला जागाच नाही, स्टिक थेट बॉलवर येते. उजव्या हाताला जुन्या खोडी लागल्या होत्या, डाव्याला खोडीच नाहीत. पक्की थिअरी आहे. बबनराव बरोबर होते."

"आणि खोकता ते?"

"कोण खोकतं?"

"तुम्ही. फटक्याच्या आधी. दोनदा. आणि बॉलला बाई म्हणता."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच कानांची शंका आली. "ठुबे," ते हळूच म्हणाले, "मी तोंडातून शब्द काढत नाही. काढला तर लक्ष उडतं."

साक्ष खोटी आहे की खरी, हे मला आवाजावरून कळतं. ही खरी होती. मी उठून घरी आलो.

त्याच आठवड्यात पुण्याहून त्यांच्या मुलीचा, मेघनाचा, फोन आला. "काका, बाबा ठीक आहेत ना? ते म्हस्केकाकांसारखं वागतात म्हणे. खरं सांगा, मी त्यांना कायमचं इकडे घेऊन येते. संक्रांतीला बोलावलंय, आले की परत पाठवायचंच नाही असं ठरवलंय आम्ही." मी गुळमुळीत काहीतरी बोललो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गाडेकरांना मीच स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. मुलीने आणि वहिनींनी बरंच अडवलं असणार, पण दोन दिवस राहून ते परत आले. दुसऱ्या सकाळी पुन्हा माळावर.

मेघनाला आता खरं उत्तर द्यायला हवं होतं. काय द्यावं ते कळेना. तेवढ्यात माझ्या बायकोने म्हस्केंच्या आईला तिळगूळ देऊन यायला सांगितलं. आक्का नव्वदीच्या पुढच्या. गॅलरीत खुर्ची टाकून गोधडी पांघरून बसल्या होत्या. समोर सगळा माळ, आणि माळावर गाडेकर.

"बसा की, ठुबेदादा," त्या म्हणाल्या.

मी बसलो. समोरून बॉलचा आवाज आला. गाडेकरांनी स्टिक डोक्यावर धरून गॅलरीच्या दिशेने हलवली. आक्कांनी गोधडीतून हात काढून वर केला आणि पुन्हा आत घेतला.

मी इतके दिवस ते स्टिक वर करणं पाहत होतो आणि व्यायाम समजत होतो. उजव्या हाताने खेळणारा तिथे उभा राहिला तर गॅलरीकडे पाठ येते. डाव्याचं तोंड येतं.

"बबन रोज असंच करायचा," आक्का म्हणाल्या. "हानला की काठी वर. 'आई, बघितलं का?' म्हनायचा. त्यो गेला तवा मला काय सुधरंना. दिस उजाडला की हितं येऊन बसायचं अन् इचारायचं, बबन आला का, बबन आला का. घास बी उतरत नव्हता. सोबतीला हाय ती सूनबाई गाडेकर सायबाकडं जाऊन रडली. मग येक दिस बघते तर माळावर हुबा!"

"तुम्हाला ते म्हस्केच वाटले?"

"वाटले की. चार-आठ दिस वाटले. त्या आठ दिसांत मी जेवायला लागले." त्यांनी तिळगुळाचा तुकडा तोंडात धरून बराच वेळ चघळला. "मग कळलं. उभा ऱ्हायलेला असला तवर कळत न्हाई. चालाया लागला की कळतंय. बबन गुरामागं चालल्यागत चालायचा, लांब लांब पाय टाकीत. ह्यो कालव्याच्या काठानं चालल्यागत जपून चालतोय. लई जपून."

"मग त्यांना सांगितलं नाहीत?"

"कशाला?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "त्याला वाटतंय, म्हातारीसाठी करतोय. करू दे. त्याचं तरी कोन हाय हितं? बायको तिकडं, लेक तिकडं, भांडाया होता त्यो बी गेला. सकाळचं उठून त्यानं जायाचं कुठं? मी हात वर केला न्हाई तर त्यो उद्या उठायचा न्हाई. तुमी बी बोलू नका."

"नाही बोलणार," मी म्हणालो. बाहेर धुकं विरळ होत होतं आणि गाडेकर बॉल गोळा करत होते, एकेक पाऊल खरोखरच जपून टाकत.

मी उठलो. आक्का माळाकडे बघत म्हणाल्या, "संक्रांतीला मातुर लई येळ खेळला."

"संक्रांतीला? आक्का, संक्रांतीला ते पुण्याला होते. मी स्वतः स्टँडवर सोडून आलो होतो."

"व्हय. सूनबाई बी तेच म्हनली." त्यांनी गोधडी नीट केली. आवाजात भीती नव्हती, हवापाण्याबद्दल बोलावं तशा बोलत होत्या. "त्या दिशी चाललाबी बबनवानीच. पाय टाकीत."

मी जिना उतरलो तेव्हा कठडा घट्ट धरला होता. नव्वदीची नजर, धुकं, दुसरं कुणीतरी माळावरून गेलं असेल. कोर्टात ही साक्ष टिकली नसती. तरी घरी जाताना मी माळाच्या बाजूने गेलो नाही.

त्या दिवशी मेघनाला फोन केला. "बाबा अगदी ठीक आहेत," मी म्हणालो. "त्यांना इथे काम आहे. तूच येत जा अधूनमधून, आईलाही घेऊन ये." ती म्हणाली, "कसलं काम, काका?" मी म्हणालो, "आलीस की सकाळी लवकर ऊठ आणि बघ." फाल्गुनात त्या दोघी आल्यासुद्धा. पण ते नंतर.

आक्कांना दिलेला शब्द मी पाळला. पण संक्रांतीची गोष्ट काही त्या शब्दात बसत नव्हती आणि माझ्या पोटातही राहीना. दोन दिवसांनी माळावर गेलो. ऊन नुकतंच पडत होतं. गाडेकर फडक्याने स्टिक पुसत होते.

"गाडेकर, संक्रांतीला तुम्ही पुण्यात होता, तेव्हा आक्कांनी इथे कुणालातरी खेळताना पाहिलं म्हणे."

फडकं थांबलं. त्यांनी सावकाश माळावर नजर फिरवली, लष्कराच्या तारेच्या कुंपणापर्यंत, आणि परत. मला वाटलं, आता म्हातारीच्या डोळ्यांचं काही शास्त्रीय समजावून सांगतील, किंवा हसतील.

"फटका कसा बसत होता?" त्यांनी विचारलं.

"ते... ते मी नाही विचारलं."

"तेवढं विचारायला हवं होतं, हो." ते खरोखर नाराज झाले. मग पाठ फिरवून उभे राहिले. खांदे थोडे हलत होते. मी तारेकडे बघत राहिलो. "भेटला असता," ते म्हणाले, "तर एवढंच सांगायचं होतं त्याला. बसतोय म्हणून. तुझ्यासारखा खेळतो तर बॉलला बसतोय. एकदा म्हणत होता, एकदा तर बघा. मी बघितलं नाही."

त्यांनी नाक पुसलं, सगळे बॉल बॅगेत भरले आणि बॅग खांद्यावर घेतली. एक बॉल गवतात तसाच राहिला होता, नीट उंचवट्यावर ठेवलेला.

"एक राहिला," मी म्हणालो.

"राहू दे," गाडेकर म्हणाले.

आम्ही चहाला निघालो. मी मागे वळून पाहिलं नाही. गाडेकरांनी पाहिलं.