निरशा दुधाचा हंडा आणि तुरेबाईंची दांडी

मुलांनो, हात धुऊन बसलात ना? नसाल तर राहू द्या. गोष्ट ऐकायला हात लागत नाहीत.

एका जंगलात एकदा सगळ्यांना एकदमच हगवण लागली. महाराजांपासून माकडांपर्यंत. झुडपांमागे जागा मिळेना. सिंहमहाराजांना तर डरकाळी फोडायची भीती वाटू लागली. जोर लावला की काय होईल, याची खात्री नव्हती.

फार हसू नका. गाभण मेंढीचं पोटातलं कोकरू त्यातच गेलं. मला तिचं फार वाईट वाटतं. ती तळ्याकाठी बसून राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, "कशानं गेलं, तेवढं तरी सांगा हो कुणी."

झालं होतं असं. नुकतीच दरबारची पंगत झाली होती. या पंगतीत निरसं दूध प्यायची रीत होती. दूध तापवलं की त्याचं सत्त्व पळून जातं, असं महाराजांच्या पणजोबांचं मत होतं. पणजोबा जुलाबानेच गेले, पण मत राहिलं.

मुदपाकखान्याच्या प्रमुख होत्या तुरेबाई कोंबडी. बाई मोठी टापटिपीची. रोज धुळीची आंघोळ, पिसं चोचीने विंचरलेली. प्रमुखांचा मान म्हणून त्यांना बसायला खास दांडी होती. ती बरोबर दुधाच्या हंड्यावर.

आता कोंबडी दांडीवर बसून काय करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. दरबारालाही ठाऊक होतं. पण मानाच्या जागेखाली काय पडतं, ते बघायची तिथे पद्धत नव्हती.

दुखणं पसरलं, तसा गुन्हेगार शोधणं आलं. ओढ्याकाठच्या डबक्यात घुरघुरे नावाचा डुक्कर बायको-पिल्लांसह राहायचा. घाणेरडा म्हणून त्याला पंगतीचं आमंत्रण कधीच नसे. त्यामुळे तो ठणठणीत होता.

"सगळं जंगल लोळागोळा झालंय आणि हा धट्टाकट्टा?" प्रधान कोल्होबा पोट धरून म्हणाले. "म्हणजे यानंच केलं! काढा याला जंगलाबाहेर!"

"तुरेबाईपण ठणठणीत आहेत की," घुरघुरे म्हणाला.

"त्या स्वच्छ राहतात म्हणून!"

डुकराला घाम येत नाही म्हणतात. घुरघुऱ्याला आला. डबकं गेलं तर उन्हाळ्यात पिल्लं जगायची नाहीत. एरवी तो गप्प बसला असता, पण पिल्लांपायी बोलून गेला.

"महाराज, मी पंगत लांबून बघतो. तुरेबाई दांडीवर बसतात, नि खाली दुधात... म्हणजे... पडतं."



"पुरावा आणा," महाराज म्हणाले आणि घाईघाईने झुडपामागे गेले.

काम साळूताईकडे आलं. ही साळिंदर रोगांचे जंतू शोधायची, आणि तोंडाने फटकळ होती. तिने सगळ्यांची विष्ठा गोळा केली. तुरेबाईंनी तर हौसेने दिली. "घ्या की! मला काय लपवायचंय?" बाईंना खरंच काही माहीत नव्हतं. हा जंतू कोंबडीच्या पोटात सुखाने नांदतो, तिचं काही बिघडवत नाही. त्याचं नाव कॅम्पिलोबॅक्टर. महाराजांना ते उच्चारता आलं नाही, म्हणून आपणही जंतूच म्हणू.

साळूताईने वाट्यांत जंतूला खायला म्हणून रक्त घातलेली खळ ओतली. एकेका वाटीत एकेकाचा नमुना लावला. वाट्या मडक्यात ठेवल्या, आतली हवा कमी व्हावी म्हणून मेणबत्ती पेटवली आणि झाकण मेणाने बंद केलं.

"याला मोकळी हवा सोसत नाही," ती म्हणाली. "थोडक्या हवेत आणि कोंबडीच्या अंगाच्या उबेत तो वाढतो. मग भिंगातून दिसेल. पिळाचा असतो, चकलीच्या तुकड्यासारखा. दोन दिवस झाकणाला हात लावायचा नाही. महाराजांनीसुद्धा!"

ऊब कुठून आणायची? तुरेबाई आपण होऊन मडक्यावर बसल्या. स्वतःविरुद्धचा पुरावा इतक्या मायेने कुणी उबवला नसेल.

मेंढी हळूच घुरघुऱ्याशेजारी येऊन उभी राहिली. "यात कळेल ना, दादा?"

"कळेल, वहिनी. कुणी उघडलं नाही तर."

पण त्या जंगलात पाहणीची रीत होती. वरिष्ठांनी येऊन झाकण उघडून बघितल्याशिवाय कुठलंही काम चालू आहे असं धरतच नसत.

पहिले कोल्होबा आले. "उघडा."

साळूताई काटे फुलवून आडवी झाली. "अहो, हवा लागली की मरतो तो!"

"बंद मडक्यात काय चाललंय ते प्रजेला नको कळायला? कारभार उघडा पाहिजे."

झाकण निघालं. कोल्होबांनी आत डोकावून मान डोलावली आणि हार घालून घेतला. मग लांडगे आले. मग अस्वलांचं महिला मंडळ आलं. शेवटी स्वतः महाराज आले आणि उघड्या मडक्याशेजारी स्वच्छतेवर बोलले. मध्येच झुडपामागे जाऊन आले, पण भाषण पुरं केलं. दर वेळी झाकण उघडलं की लांब उभा घुरघुरे पिल्लांना जवळ ओढायचा.

मुदत भरली. साळूताईने वाट्या पाहिल्या. सगळ्या कोऱ्या.

"काही नाही उगवलं," ती म्हणाली. "तुम्ही मारलंत त्याला. मला पुन्हा करू द्या."

"म्हणजे आपल्या जंगलात जंतू नाही!" कोल्होबा ओरडले. टाळ्या झाल्या. "निकाल लागला तो लागला."

जंतू नाही, तरी रोग आहे. मग उरला डुक्कर. घुरघुरे बायको-पिल्लांना घेऊन वेशीबाहेर गेला. तुरेबाईंना शाल-श्रीफळ मिळालं. त्यांची दांडी जरा उंच करून हंड्याच्या अगदी मधोमध आणली.

पुढच्या वर्षी पुन्हा पंगत बसली. मेंढी पुन्हा गाभण होती. तिच्या हातात पेला आला, तेवढ्यात वेशीपलीकडून ओळखीचा आवाज आला.

"वहिनी, पिऊ नका! निदान तापवून तरी प्या!"

मेंढीने पेल्यात बघितलं. मग हळूच वर, दांडीकडे बघितलं. सगळं दिसलं तिला. ती थांबली. कोल्होबा तिच्याकडेच बघत होते. तिला ओढ्याकाठचं रिकामं डबकं आठवलं.

तिने डोळे मिटून पेला तोंडाला लावला.

तात्पर्य: दूध पिताना वर बघू नये. बघितलंच, तर दिसलं म्हणू नये. आणि म्हणायचंच असेल, तर आधी वेशीबाहेर एखादं डबकं बघून ठेवावं.