जायला चार, यायला साडेचौदा

आमच्या दगडूमामांना रस्ता विचारायच्या फंदात पडू नका. उस्मानपुऱ्यात कुणी औरंगपुऱ्याची वाट विचारली की मामा आधी उलट विचारणार, "हवेतून सांगू का चाकावरून?" माणूस गांगरतो. मग विमानानं गेलास तर टेकायच्या आधीच औरंगपुरा मागं पडंल, एवढं सांगून मामा मोकळे. रिक्षा कुठं मिळंल ते राहूनच जातं.

मामा माझे शेजारी, आणि चिकलठाण्याच्या कारखान्यात माझ्याच पाळीला. त्यांचे वडील मेंढरं चारायला गंगथडीला, नदीकाठच्या रानात जायचे, त्या वाटा मामांनी लहानपणी पायांनी मोजलेल्या. विमानात मात्र कधी पाऊल ठेवलं नाही. पण मुंबई ते लंडन विचारून बघा! भिंतीवरच्या नकाशाला सुतळी लावलेलीच आहे. "साडेचार हजार मैल. मेंढरांनी एक वरीस, तेबी चारा मिळाला तर."

त्या वर्षांत शहरात जिकडंतिकडं नामांतराचा विषय. मामांना त्यातलं नुसतं अंतर ऐकू यायचं. विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चा निघाला तेव्हा मामाही क्रांती चौकातून चालत गेले. घरी येऊन पाय शेकत म्हणाले, "चालायला दोन मैल अन् पोचायला लई वर्षं. असलं अंतर म्या पाह्यलं नाय." हे मात्र त्यांनी अगदी बरोबर मोजलं होतं.

सगळं खूळ सुरू झालं ते त्यांच्या संपतमुळं. पोरगा लंडनला नोकरीला गेला आणि पहिल्याच पत्रात लिहिलं, सकाळी सातला मुंबई सोडली, अकराला इथं उतरलो. मामांनी लगोलग तिकीटवाल्याकडून परतीची वेळ आणली. सकाळी सातला निघून रात्री साडेनऊला मुंबई. झालं! जायला चार तास, यायला साडेचौदा. असं का, तर म्हणे जाताना उतार आणि येताना चढ. कारखान्यातल्या साहेबांनाही त्यांनी हेच ऐकवलं. साहेबांनी हात जोडले.

मी पडलो दीडशहाणा. एका रविवारी मामींच्या समोरच संत्रं घेऊन बसलो. म्हटलं, ही पृथ्वी, हा दिवा म्हणजे सूर्य, तिथलं घड्याळ आपल्या मागं असतं... मामांनी माझ्या हातातली पृथ्वी हिसकली, सोलली आणि एक फोड माझ्या तोंडात कोंबली. "खा. लई शिकलास."

मग दंडाला धरून मला फाटकापाशी नेलं.

"मला कळत नाय व्हय रं?" मामा हळूच म्हणाले. "तिकीटवाल्यानं तवाच सांगितलं होतं. पण पाच वर्षं झाली, पोरगं आलं नाय. तिला वाटतंय, वाट अवघड हाय म्हणून येत नाय. ऱ्हाऊ दे की तेवढा चढ."

मला माझीच लाज वाटली. चपला घ्यायला आत गेलो, तर मामी संत्र्याच्या फोडी ताटलीत मांडत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "तू शिकलेला हाईस. खरंच एवढा चढ असतो का रं?"

"लई असतो मामी," मी म्हणालो. "विमानालाबी धाप लागते."

मामींनी नकाशावरची सैल झालेली सुतळी नीट ताणून बसवली.

"मग सावकाश ये म्हणावं त्याला."