नहरीतला कडूबा आणि आमच्या महकम्याचे सवाल

निजामाच्या अमलात, फसली १३४५ च्या खुर्दाद महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, औरंगाबादेजवळ, पडेगावच्या बाजूला, एका धाकट्या नहरीला बड्या साहेबांच्या हस्ते पाणी सुटायचं होतं. मंडप उभा राहिला, गुलाबपाणी शिंपडून झालं. ऐन वेळी गाळ काढायला उतरलेल्या कडूबाचा दोर तुटला आणि तो नहरीच्या खोल हौदात अडकला. अशा रीतीने कार्यक्रमात व्यत्यय आला.

व्यत्यय आल्यास काय करावं, याचं परिपत्रक हैदराबादहून आलेलंच होतं. अधिकाऱ्यांनी हुकूम सोडू नयेत, सवाल विचारावेत. सवालांनी मंडळींचं चित्त पुन्हा कामावर येतं. आमच्या महकम्याचे, म्हणजे खात्याचे, मुख्य मोहतमीम हैदरसाहेब यांना हे इतकं पटलं होतं की घरी जेवतानाही ते सालन मागत नसत. "सालन कुठं असावं, असं आपल्याला वाटतं?" असं विचारत, आणि पुष्कळदा कोरडी रोटी खात.

त्यांनी आम्हा सगळ्यांना गोल बसवलं. पेशकार वैजनाथपंतांनी दौत उघडली.

"आपला मूळ मकसद काय होता?"

"नहरीत पाणी सोडणं, हुजूर."

"त्याला काही बाधा?"

"मुळीच नाही. वरचं फाटक बड्या साहेबांनी उघडलंसुद्धा."

"माशाल्ला!"

इतक्यात कडूबाची बायको दगडाबाई धावत आली. "त्यो मांडवाचा दोर सोडून खाली टाका की वो सायेब! पानी यायलंय, मानूस बुडल माझा!"

"बाई," पंत समजुतीने म्हणाले, "हा हुकूम झाला. सवाल असेल तर विचारा."

"तुमाला अक्कल हाय का?"

मंडळी खूश झाली. सवाल नोंदवून चर्चेला घेण्यात आला. मतं फार विभागली गेली.

मग हैदरसाहेब स्वतः हौदाशी वाकले. "कडूबा, तुझ्या मते अडचण नेमकी काय आहे?"

"पानी गळ्याला आलं, सायेब!"

दफ्तर उर्दूत चाले, तेव्हा तर्जुमा आलाच. पंतांची लेखणी थांबली. "हुजूर, गळ्याला हलक लिहू की गर्दन? हलक म्हणजे आतला घसा, गर्दन म्हणजे बाहेरची मान."

"पाणी आत गेलंय की अजून बाहेरच आहे?"

हे विचारायला पंत वाकले, तर खालून नुसते बुडबुडे आले. पंतांनी ते जसेच्या तसे नोंदवले.

पाणी मात्र चढत राहिलं, आणि हौद काठोकाठ भरला तेव्हा कडूबा आपसूक वर आला. दगडाबाईने बंडीला धरून त्याला बाहेर ओढलं आणि पालथा घातला. तो खोकू लागला तशी ती आम्हा सगळ्यांसमोर मोठ्याने रडली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

अहवाल हैदराबादला गेला: सवालांच्या बळावर मुलाजिम दोराविना बाहेर आला. वरून शाबासकी आली आणि महकम्याची दोरखरेदी कायमची बंद झाली. पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढायला हौदात उडी टाकावी लागली. उडी टाकणारा अर्थात कडूबाच होता.

तो वर आला का, असं विचारताय? वा, फार उत्तम सवाल! या, आमच्यात बसा. जागा आहे.